राजमठ ते शारदाश्रम : श्रीगोविंदप्रभूंच्या चरित्राची वाटचाल

१९३५ साली यवतमाळातून एक पुस्तक प्रसिद्ध झाले. नाव ‘आद्य मराठी कवयित्री’, संपादक वा. ना. देशपांडे. महदाइसेचे धवळे (लग्नगीते) त्यात छापले होते. मराठीतली पहिली कवयित्री म्हणून आज शाळकरी मुलेही महदंबेचे, म्हणजे याच महदाइसेचे, नाव सांगतात. तिची ही ओळख महाराष्ट्राला करून देण्यात आपल्या यवतमाळचा वाटा मोठा आहे. पण ज्यांच्या हौसेखातर ते धवळे गायले गेले, त्या रिद्धपूरच्या श्रीगोविंदप्रभूंचे नाव महानुभाव पंथाबाहेर फारसे कोणी घेत नाही. पंथात ते पंचकृष्णांपैकी एक, चक्रधर स्वामींचे गुरू आणि साक्षात परमेश्वरावतार. पंथाबाहेरच्या वाचकाला मात्र ते फार तर एका तळटीपेत भेटतात.

संस्थेची वाटचाल लिहायला बसले की स्थापनेचा दिवस, पहिले कार्यकारी मंडळ, मग इमारत असा क्रम आपोआप येतो. श्रीप्रभूंच्या बाबतीत तो क्रम लावता येत नाही. त्यांनी संस्था काढली नाही, प्रवचने केली नाहीत, ग्रंथ लिहिला नाही. जवळपास हयातभर ते एकाच गावात राहिले आणि गावाने त्यांना वेडे म्हटले. तरीही त्यांच्या आठवणींभोवती माणसांची एक साखळी तयार झाली आणि ती सात शतकांहून अधिक काळ तुटली नाही. पाहिलेले सांगणारे, सांगितलेले लिहिणारे, लिहिलेले पाठ करणारे, पोथ्यांच्या नकला करणारे आणि अखेर छापणारे, अशी ही साखळी. तिची सुरुवात रिद्धपूरच्या राजमठात झाली आणि विसाव्या शतकातला तिचा एक मोठा मुक्काम यवतमाळच्या शारदाश्रमात होता. त्या वाटचालीचा हा आढावा.

काटसूरचा मुलगा, रिद्धपूरचे राऊळ

रिद्धपूर हे अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी तालुक्यातले गाव. यादवांच्या काळात ते देवळांचे, मठांचे आणि वेदशास्त्री ब्राह्मणांचे गाव होते. त्याच्या जवळच्या काटसूर येथे अनंतनायक आणि नेमाइसा या दांपत्याच्या पोटी गोविंदप्रभूंचा जन्म झाला. पंथाची परंपरा शके ११०९, म्हणजे इ.स. ११८७, भाद्रपद शुद्ध त्रयोदशी ही तिथी सांगते. आईबाप लहानपणीच गेले. आप्तांनी पोराला रिद्धपूरला आणून वाढवले. मुंज झाली, बोपो उपाध्यांकडे अध्ययन सुरू झाले. चारचौघांसारखा वैदिक घरातला विद्यार्थी, इथवर सगळे नेहमीच्या रीतीने चालले होते.

पुढे त्यांना द्वारावतीच्या श्रीचक्रपाणींकडून, म्हणजे चांगदेव राऊळांकडून, ज्ञानशक्ती लाभली असे पंथ मानतो. त्यानंतर या विद्यार्थ्याने घरसंसाराची वाट कायमची सोडली. ना लग्न, ना वृत्ती, ना संचय. रिद्धपूरच्या गल्ल्या, देवळांचे ओटे, बाजार आणि मठ एवढेच त्यांचे जग झाले. लोक त्यांना गुंडम राऊळ म्हणू लागले.

चक्रधर स्वामी त्यांना भेटले ते इथेच. भडोचच्या प्रधानाचा मुलगा हरपाळदेव (पुढचे चक्रधर) रामटेकच्या यात्रेला म्हणून घराबाहेर पडला आणि वाटेत रिद्धपूरला आला. बाजारात श्रीप्रभू खेळत-खात फिरत होते. त्यांच्या हातच्या सेंगुळ्यांचा प्रसाद या तरुणाने घेतला आणि त्याची पुढची सगळी वाट बदलली. ‘लीळाचरित्रा’त हा प्रसंग आहे. महाराष्ट्रात मराठीतून धर्म सांगणारा एक संपूर्ण पंथ उभा राहिला, त्याचे मूळ या बाजारातल्या भेटीत आहे. तिथे उपदेश झाला नाही, मंत्र दिला गेला नाही. दिला गेला तो हातातला खाऊ.

गावाने सांभाळलेले वेड

श्रीप्रभूंच्या चरित्रात तीनशेहून अधिक लीळा आहेत. त्या ओळीने वाचल्या की एक माणूस डोळ्यांसमोर उभा राहतो. तो मुलांबरोबर मुलांचे खेळ खेळतो. मूर्तीशी बोलतो, कधी देवळातल्या देवालाच रागे भरतो. कोणाच्याही स्वयंपाकघरात शिरून हवे ते मागून खातो. आवडीचा पदार्थ मिळाला नाही तर रुसतो, मिळाला तर लगेच खुलतो. स्वतःशी पुटपुटत जातो, मध्येच थांबतो, मध्येच हसतो. ब्राह्मणवाड्यात जातो तसाच मातंगवाड्यातही जातो. तेराव्या शतकातल्या अग्रहारात ही साधी गोष्ट नव्हती. गावात कुरबुर होई, पण राऊळांना अडवायचे कोणी?

मातंगांनी एकदा त्यांच्यापाशी पाण्याचे गाऱ्हाणे केले. गावाच्या पाण्यावर त्यांना हक्क नव्हता. राऊळांनी त्यांना जागा दाखवली, तिथे विहीर खोदली आणि पाणी लागले. विदर्भात उन्हाळ्यात पाण्यासाठी वणवण करणाऱ्या माणसाला या लीळेचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. शिवाशिवीविरुद्ध श्रीप्रभू एक वाक्यही बोललेले नाहीत. ते त्या वाड्यात गेले आणि पाणी कुठे लागेल ते दाखवून आले.

गावकरी त्यांना वेडे म्हणत आणि त्यांनाच आई-बाप मानत. दोन्ही एकाच तोंडाने. अशा पुरुषाचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. आपल्याकडे पाशुपत पंथाच्या साधकाने लोकांत वेड्यासारखे वागून अवमान ओढवून घ्यावा, असे त्यांचे सूत्रग्रंथच सांगतात. सिरियातल्या एमेसा नगरीत सहाव्या शतकात सिमिऑन नावाचा ख्रिस्ती साधू होऊन गेला. तोही बाजारात वेड पांघरून वावरे. पण साधूचे चरित्र उशिरा लिहिले गेले की काय होते, ते आयर्लंडमध्ये दिसते. तिथे ग्लेंडालॉकच्या दरीत तळ्याकाठी एकान्तात राहणाऱ्या केविन या संताचे नाव त्या देशात आजही घेतात. त्याचे निधन परंपरेने ६१८ च्या सुमाराचे मानतात, पण त्याची चरित्रे लिहिली गेली ती शेकडो वर्षांनी. तोवर प्रत्यक्ष माणूस पुष्कळसा चमत्कारांखाली झाकला गेला होता.

रिद्धपूरचे वेगळेपण इथेच आहे. श्रीप्रभूंचे चरित्र लिहिणाऱ्याने त्यांना डोळ्यांनी पाहिले होते, वर्षानुवर्षे त्यांची सेवा केली होती, आणि त्यांच्या निधनानंतर लवकरच लेखणी हातात घेतली होती.

राजमठातली तेरा-चौदा वर्षे

१२७४ च्या सुमारास चक्रधर स्वामी उत्तरेकडे निघून गेले. जाण्याआधी त्यांनी नागदेवांना, म्हणजे भटोबासांना, श्रीप्रभूंजवळ राहण्याची आज्ञा केली होती. गुरू गेल्याने सैरभैर झालेले शिष्य एकामागून एक रिद्धपूरला आले: नागदेव, म्हाइंभट, महदाइसा, आबाइसा आणि इतर. श्रीप्रभूंचे वय तेव्हा पंचाऐंशीच्या पुढे गेले होते. शिष्यांनी राजमठात त्यांची सेवा वाटून घेतली.

एका वृद्ध, लहरी, क्षणात प्रसन्न आणि क्षणात रुष्ट होणाऱ्या पुरुषाला तेरा-चौदा वर्षे रोज सांभाळणे म्हणजे काय, हे घरातले म्हातारे माणूस सांभाळलेल्यांना कळेल. शिष्यांनी ते निष्ठेने केले. पंथाचा व्यवहार याच काळात आकाराला आला. भिक्षा कशी मागावी, एकमेकांशी कसे वागावे, शंका कोणाला विचारावी, आचार्य कोणाला मानावे हे सगळे या मठात राहता राहता ठरत गेले. आपण ज्याला संस्था म्हणतो तिचा पाया असा सेवेत घातला गेला.

महदाइसेचे धवळे याच राजमठातले. श्रीप्रभूंनी एकदा लग्नाची इच्छा धरली. ऐंशी-नव्वदीच्या ब्रह्मचाऱ्याचा तो बालहट्ट होता, आणि भक्तांनी तो मनापासून पुरवला. लग्नाची तयारी झाली. लग्न म्हटले की धवळे हवेत, आणि ते गायचे काम महदाइसेकडे आले. तिने श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाची गीते जागच्या जागी रचून गायिली. तो धवळ्यांचा पूर्वार्ध. उत्तरार्ध तिने पुढे रचला. लग्नघरातल्या बायकांच्या गाण्याचा बाज, वऱ्हाडातल्या घरातली बोली आणि समोर बसलेला वृद्ध नवरदेव, एवढ्या साहित्यावर मराठी कवितेतल्या स्त्रीच्या पहिल्या पानाची अक्षरे उमटली. महदाइसा नुसती गाणारी नव्हती. ती प्रश्न विचारणारी, शंका काढणारी, अर्थ पटेपर्यंत पिच्छा न सोडणारी होती. चक्रधरांनाही तिने सोडले नव्हते.

म्हाइंभटांची साक्ष

म्हाइंभट मूळचे सराळ्याचे. मोठे शास्त्री. चक्रधरांशी वाद घालायला म्हणून आले आणि शिष्य होऊन राहिले. स्वामी गेल्यानंतर नागदेव त्यांच्या लीळा मनाशी आठवत बसत. ते पाहून म्हाइंभटांना वाटले, हे आठवणारे आहेत तोवरच हे लिहून ठेवले पाहिजे. मग ते कामाला लागले. ज्याने जे पाहिले-ऐकले होते त्याला शोधत ते गावोगाव गेले, प्रत्येकाकडून त्याच्या वाट्याची लीळा ऐकली, नागदेवांकडून ती तपासून घेतली आणि रिद्धपूरच्या वाजेश्वरी या ठिकाणी बसून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. मराठीतला हा आद्य गद्यग्रंथ रिद्धपूरच्या भूमीवर लिहिला गेला.

१२८७-८८ च्या सुमारास श्रीप्रभूंचे निधन झाले. म्हाइंभटांनी पुन्हा तीच पद्धत धरली. या वेळी साक्षीदार शोधायला दूर जावे लागले नाही. अख्खे रिद्धपूरच साक्षीदार होते. ज्यांच्या घरी राऊळ जेवले, ज्यांच्या ओट्यावर बसले, ज्यांच्या पोरांशी खेळले, त्या सगळ्यांनी सांगितले. अशा रीतीने ‘श्रीगोविंदप्रभूचरित्र’ तयार झाले.

या ग्रंथाचे मोल त्याच्या साधेपणात आहे. लीळा चार-सहा वाक्यांची, कधी पान-अर्ध्या पानाची. कुठे घडले ते नोंदलेले, सोबत कोण होते ते नोंदलेले. अलंकार नाहीत, स्तुती नाही. देव मानलेल्या पुरुषाचे रुसणे, ओरडणे, खाण्याचे लाड हे सगळे सारवासारवीविना लिहिलेले. तेराव्या शतकातल्या वऱ्हाडात लोक काय खात, घरे कशी होती, बाजारात काय मिळे, बायका एकमेकींशी कशा बोलत, हे जितके या लहानशा ग्रंथातून कळते तितके शिलालेखांतून कळत नाही. म्हाइंभटांनी आपल्या श्रद्धेला खरे बोलण्याची शिस्त लावली होती. या वाटचालीतला पहिला आणि सर्वांत मोठा धडा तोच आहे.

धाड, पाठांतर आणि सांकेतिक लिपी

पुढच्या पिढीवर संकट कोसळले. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खलजी देवगिरीवर चालून आला आणि चौदाव्या शतकाच्या आरंभी यादवांचे राज्य बुडाले. त्या धावपळीत ‘लीळाचरित्रा’ची मूळ पोथी गेली. ग्रंथ नष्ट होऊ दिला नाही तो पाठ केलेल्यांनी. हिराइसा ही त्यांतली अग्रगण्य. तिची स्मरणशक्ती विलक्षण होती. तिच्या पाठावरून ग्रंथ पुन्हा उभा करण्यात आला. इतरांचेही पाठ होते, आणि ते जुळत नसत तेव्हा कोणाचा पाठ कसा हे नावानिशी नोंदवले गेले. वेगळे सांगणाऱ्याचे तोंड बंद केले नाही. आजच्या संपादनशास्त्रात ज्याला पाठभेद म्हणतात त्याची शिस्त या साधूंनी चौदाव्या शतकात पाळली होती.

याच काळात पंथाने आणखी एक निर्णय घेतला. आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत लिहायचे. सकळ लिपी ही त्यांतली मुख्य. तिचे जनकत्व परंपरा ‘सह्याद्रिवर्णन’कार रवळोबासांकडे देते. देवनागरीतल्या एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर योजायचे, किल्ली ठाऊक असलेल्यालाच ती वाचता यावी. पुढे सुंदरी, पारमांडल्य, अंक, सुभद्रा अशा अनेक लिप्या झाल्या. ग्रंथाची शुद्धता टिकावी, कोणी भर घालू नये, भलत्या हाती पडून विटंबना होऊ नये, हा त्यामागचा हेतू. त्याचा फायदा झाला तसा तोटाही झाला. ग्रंथ सुरक्षित राहिले. मात्र बाकीच्या मराठी समाजाला ते सहाशे वर्षे दिसलेच नाहीत, आणि न दिसणाऱ्या गोष्टीबद्दल जे गैरसमज पसरतात ते सगळे महानुभावांबद्दल पसरले.

या पोथ्या फिरल्या मात्र फार दूरवर. सोळाव्या शतकानंतर पंथ पंजाबात पोहोचला. तिथे त्याला ‘जयकृष्णी’ म्हणतात. पेशावर, काबूलपर्यंत महानुभावांचे मठ होते. पंजाबी बोलणारे साधू मराठी ग्रंथ पाठ करीत, कारण धर्माची भाषा मराठी, हे नागदेवांनी एकदा ठरवून टाकले होते. केशवराजांसारखा संस्कृत पंडित संस्कृतात ग्रंथ रचायला निघाला तेव्हा नागदेवांनी त्यांना थांबवले. त्यामुळे माझ्या म्हाताऱ्या-कोताऱ्या बायाबापड्या नागवल्या जातील, अशा आशयाचे त्यांचे उत्तर ‘स्मृतिस्थळा’त नोंदले आहे. ज्ञानेश्वरीच्या काळातलाच हा निर्णय. काबूलच्या मठात मराठी वाचली गेली ती त्याच्याच जोरावर.

यवतमाळचा टप्पा

विसाव्या शतकाच्या आरंभी ही कुलुपे उघडू लागली. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९१० च्या सुमारास सांकेतिक लिपीचा उलगडा केला. ‘महाराष्ट्र सारस्वत’कार वि. ल. भावे यांनी महानुभाव ग्रंथ प्रकाशात आणायला हात घातला. पण पुण्या-ठाण्यात बसून हे काम पुरे होणारे नव्हते. पोथ्या होत्या वऱ्हाडातल्या मठांत, महंतांच्या गाठोड्यांत. तिथे पोहोचणारे माणूस वऱ्हाडातलेच हवे होते.

ते काम यवतमाळने केले. जिल्ह्याला यवतमाळ हे नाव तेव्हा नवेच होते. वणी जिल्ह्याचे नाव बदलून १९०५ मध्ये यवतमाळ जिल्हा झाला होता. गावाला विद्यापीठ नव्हते, मोठे ग्रंथालय नव्हते, राजाश्रय नव्हता. होते ते वकील. लोकनायक बापूजी अणे याच गावात वकिली करत. त्याच वकीलमंडळीतले एक यशवंत खुशाल देशपांडे (१८८४–१९७०). महानुभाव वाङ्मयाच्या मागे ते लागले आणि आयुष्यभर लागलेलेच राहिले. महंतांचा विश्वास मिळवल्याशिवाय पोथीवरचे फडके सुटत नसे, आणि तो विश्वास एका भेटीत मिळत नाही. १९२५ मध्ये त्यांचा ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ हा ग्रंथ निघाला. त्यात पंथाचे ग्रंथकार आणि ग्रंथ यांचा असा आढावा आला की ज्ञानेश्वरीच्या आधीची आणि तिच्या काळाची मराठी केवढी समृद्ध होती, हे अभ्यासकांना प्रथमच एका जागी दिसले.

हे काम एकट्याने होणारे नव्हते, म्हणून देशपांडे यांनी यवतमाळात शारदाश्रम ही संशोधनसंस्था उभी केली. हस्तलिखिते मिळवायची, त्यांची सूची करायची, शोधनिबंध लिहायचे आणि ‘शारदाश्रम वार्षिक’ काढून ते अभ्यासकांपुढे ठेवायचे, असा तिचा उद्योग. संस्थेची नजर एका पंथापुरती नव्हती. १९३९ मध्ये वाशीमला वाकाटक राजा विंध्यशक्ती दुसरा याचा ताम्रपट सापडला. त्याचे पहिले वाचन य. खु. देशपांडे आणि त्यांचे सहकारी महाजन यांनी भारतीय इतिहास परिषदेपुढे मांडले. वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेचा इतिहास त्या ताम्रपटाने नव्याने लिहावा लागला.

या कामातले दुसरे नाव वा. ना. देशपांडे यांचे. १९३५ मध्ये महदाइसेचे धवळे आणि १९३९ मध्ये ‘स्मृतिस्थळ’ ही त्यांची दोन संपादने. श्रीप्रभूंच्या निधनानंतर शिष्यपरिवाराने काय केले, शोक कसा आवरला, भांडणे कशी मिटवली, नागदेवांनी सगळ्यांना कसे धरून ठेवले हे ‘स्मृतिस्थळ’ सांगते. म्हणजे श्रीप्रभूंच्या चरित्राच्या दोन्ही बाजू, लग्नाचे धवळे आणि निधनानंतरचे दिवस, यवतमाळच्या संपादकाने मराठी वाचकाच्या हाती दिल्या.

हे काम कसे चाले, त्याची थोडी कल्पना यावी म्हणून एका पोथीकडे जवळून पाहू. जुना हातकागद, कडा तपकिरी झालेल्या. बोरूने लिहिलेली सलग अक्षरे. दोन शब्दांत जागा सोडलेली नाही, त्यामुळे शब्द कुठे संपतो हे वाचणाऱ्यालाच ठरवावे लागते. दंड आणि लीळांचे आकडे तांबड्या शाईत. चुकलेल्या अक्षरावर हरताळाचा पिवळा लेप देऊन वर नवे अक्षर काढलेले. सुटलेली ओळ समासात बारीक अक्षरात घातलेली. शेवटच्या पानावर नकल करणाऱ्याचे नाव, गाव, शक आणि पोथी जपून ठेवण्याची विनवणी. आता हीच पोथी सकळ लिपीत आहे असे समजा. आधी किल्ली लावायची, मग शब्द सोडवायचे, मग सातशे वर्षांपूर्वीच्या शब्दाचा अर्थ शोधायचा, मग दुसऱ्या पोथीशी पाठ ताडून पाहायचा. एका पानाला कधी दिवस जाई. कोर्टातून आल्यावर, कंदिलाच्या उजेडात हे चाले.

साक्ष तपासण्याची सवय असलेल्या वकिलाला म्हाइंभटांचा ग्रंथ जवळचा वाटला असणार, यात नवल नाही. कोणी पाहिले, कोणी ऐकले, कोणाचे सांगणे कोणाशी जुळते, हीच त्या ग्रंथाची बांधणी आहे.

छापील चरित्र आणि पुढचा प्रवास

श्रीप्रभूंचे संपूर्ण चरित्र विद्वत्तापूर्ण संपादनासह छापले ते वि. भि. कोलते यांनी, १९४४ मध्ये, मलकापूरच्या अरुण प्रकाशनाकडून. कोलते मलकापूर तालुक्यातल्या नरवेलचे, शेतकऱ्याच्या घरातले. पुढे ते नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू झाले, १९६७ च्या भोपाळ साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, पद्मभूषण झाले. हरि नारायण नेने यांनी नागपुरातून १९३६-३७ मध्ये ‘लीळाचरित्रा’चे भाग काढले होते, कोलत्यांनी त्याची संपूर्ण संपादित आवृत्ती १९७८ मध्ये दिली. श्रीप्रभू-चक्रधरांच्या पायधुळीने पावन झालेल्या जागांची नोंद करणारी ‘स्थानपोथी’ही त्यांनीच संपादित केली. देऊळ कोणत्या दिशेला, दार कुठे, ओटा कुठे, इतके ती बारकाईने सांगते.

नंतर हे चरित्र मराठीच्या सीमा ओलांडून गेले. अमेरिकी अभ्यासक ॲन फेल्डहाऊस यांनी १९८४ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला. ‘स्मृतिस्थळा’चा अनुवाद त्यांनी शं. गो. तुळपुळे यांच्यासह १९९२ मध्ये केला, आणि १९९९ मध्ये या दोघांनी जुन्या मराठीचा कोश दिला. गावाने वेडा म्हटलेल्या साधूचे बोलणे-चालणे आता परदेशातल्या विद्यापीठांत शिकवले जाते.

मराठीच्या अभिमानाचीही एक कडी याच साखळीत आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. रंगनाथ पठारे समितीने त्यासाठी मांडलेल्या पुराव्यांत महानुभाव गद्याला महत्त्वाचे स्थान होते. त्याआधी २०२३ मध्ये कायदा होऊन रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ आले आणि २०२४ मध्ये महानुभाव वाङ्मयाचे अभ्यासक डॉ. अविनाश आवलगावकर त्याचे पहिले कुलगुरू झाले. ज्या गावात म्हाइंभट बसून लिहीत होते तिथे आज मराठीचे वर्ग भरतात.

यवतमाळनेही दोनदा साहित्य संमेलन पाहिले. १९७३ मध्ये ग. दि. माडगूळकर अध्यक्ष होते. २०१९ मध्ये अध्यक्षस्थानी अरुणा ढेरे होत्या. महदाइसेचे धवळे ज्या शहरातून छापले गेले तिथल्या व्यासपीठाचे अध्यक्षपद एका कवयित्रीकडे आले, याचे समाधान मोठे आहे.

आता आपले काम

या वाटचालीत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. प्रत्येक टप्प्यावर काम कोणी तरी सामान्य माणसाने उचलले. म्हाइंभटांमागे राजा नव्हता. हिराइसेच्या पाठांतराला कोणाचे अनुदान नव्हते. नकला करणाऱ्या साधूंची नावे शेवटच्या पानापलीकडे कोणी वाचली नाहीत. य. खु. देशपांडे वकिली करून पोथ्या वाचत होते. विद्यापीठ आता आले ही आनंदाची गोष्ट आहे, परंतु विद्यापीठ झाले म्हणून गावाचे काम संपत नाही. विद्यापीठाला जे वाचायचे आहे ते आधी गावात टिकले पाहिजे.

यवतमाळ जिल्ह्यातल्या मठांत, देवघरांत आणि जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर अजूनही पोथ्या आहेत. त्यांच्याकडे वाळवी, ओल आणि दुर्लक्ष या तिघांची नजर आहे. त्या मालकांकडून काढून घ्याव्यात असे कोणी म्हणत नाही. महंतांचा आणि घराण्यांचा त्यांच्यावरचा हक्क निःसंशय आहे. करायचे आहे ते साधे आहे. पोथीला सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन करू नका. ओल नसलेल्या जागी, धुतलेल्या सुती फडक्यात ती ठेवा. पानाला पान सुटे झाले असेल तर क्रम न मोडता तसेच बांधून ठेवा. मालकांच्या परवानगीने प्रत्येक पानाचे स्वच्छ छायाचित्र काढा, त्यावर पानाचा क्रमांक टाका आणि शेवटच्या पानावरचा शक, गाव व लेखकाचे नाव वेगळ्या कागदावर उतरवून घ्या. एवढी नोंद झाली तरी पुढच्या अभ्यासकाचे अर्धे काम होते.

दुसरे काम महाविद्यालयांचे. मराठी घेऊन पदवीधर होणाऱ्या मुलांपैकी कितीजणांना जुनी देवनागरी आणि सकळ लिपी वाचता येते, हा प्रश्न प्रत्येक विभागप्रमुखाने स्वतःला विचारावा. एका सत्रात ही लिपी शिकवता येते. शिकवणारे महंत आणि अभ्यासक अजून आपल्यात आहेत. त्यांना बोलावणे जाण्याचीच काय ती वाट आहे.

आणि तिसरी विनंती वाचकांना. श्रीगोविंदप्रभूंचे चरित्र एकदा स्वतः वाचा. पंथाचे असा वा नसा. भाषा जुनी आहे, पण आठ-दहा लीळा वाचून झाल्या की ती ओळखीची होते, कारण ती आपल्याच वऱ्हाडातली आहे. वाचून झाल्यावर घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, आपल्याकडे एखादी जुनी पोथी आहे का. असेल तर ती उघडा, पान मोडू न देता, आणि तिची नोंद करून ठेवा.